कॅन्सरचे उपचार तोंडावर आणि कंपनीत कपात : पहिल्या चार आठवड्यांत काय करायचे

बायॉप्सीचा रिपोर्ट हातात आल्यापासून पहिली केमो किंवा ऑपरेशन होईपर्यंत बहुतेकांचे दोन ते चार आठवडे तपासण्यांत जातात. नेमके त्याच दिवसांत ऑफिसात विलीनीकरण, कपात, नवा मॅनेजर, 'तुमचा रोल आता राहणार नाही' असले वारे वाहत असेल, तर माणूस दोनपैकी एक चूक करतो. एक तर नोकरी टिकवायच्या नादात तपासण्या पुढे ढकलतो, नाही तर 'आता ती कटकटच नको' म्हणून राजीनामा टाकून मोकळा होतो. दोन्ही फार महागात पडते.

हा लेख खासगी नोकरीतल्या, नुकतेच निदान झालेल्या माणसासाठी आणि त्याच्या घरच्यांसाठी आहे. आमचे म्हणणे एकच: उपचाराची तारीख डॉक्टर ठरवतील आणि ती कंपनीसाठी हलवायची नाही. नोकरी सुटण्याची तारीख मात्र जितकी आपल्या हातात असेल तितकी लांबवायची. विमा, रजा, पीएफ, ग्रॅच्युइटी, सगळे त्या एका तारखेला बांधलेले असते.

पायरी १ : आजच्या आज कागद ऑफिसच्या लॅपटॉपमधून बाहेर काढा

कपातीच्या दिवशी मीटिंग संपायच्या आत लॅपटॉप आणि ईमेल बंद होतो, आणि बऱ्याच कंपन्यांत विम्याचे ई-कार्डसुद्धा ऑफिसच्याच लॉगिनमागे असते. केमोच्या आदल्या दिवशी पॉलिसी क्रमांक सापडत नाही तो यामुळे. म्हणून नेमणूकपत्र, पगारवाढीची पत्रे, गेल्या १२ महिन्यांच्या पगाराच्या पावत्या, फॉर्म १६, रजेच्या शिलकीचा स्क्रीनशॉट, मूल्यमापनाचे शेरे आणि विम्याचे ई-कार्ड आपल्या खासगी ईमेलवर घ्या. फक्त स्वतःचे कागद. कंपनीच्या कामाची एकही फाइल त्यात जाऊ देऊ नका, नाही तर तेच निमित्त होते.

हे करतानाच विमा, बँक आणि पीएफच्या खात्यांवर स्वतःचा मोबाइल आणि खासगी ईमेल नोंदवलेला आहे ना ते बघा. पीएफच्या पोर्टलवर आधार, पॅन, बँक खाते आणि नाव चारही ठिकाणी तंतोतंत जुळायला हवे. वडिलांच्या नावातली एक मात्रा इकडची तिकडे असली तरी क्लेम परत येऊ शकतो. काही दुरुस्त्यांना कंपनीची मंजुरी लागते, आणि एचआर विभागच बरखास्त झाल्यावर ती देणार कोण? आजारपणासाठी पीएफमधून आगाऊ रक्कम नोकरीत असतानाही काढता येते (फॉर्म ३१, ऑनलाइन). पण ती लगेच काढून ठेवायची घाई नको; दार उघडे आहे एवढी खात्री आत्ता पुरे.

पायरी २ : विम्याची पॉलिसी वाचा, ऐकीव माहितीवर जाऊ नका

कंपनीचा ग्रुप विमा ही या घडीला तुमची सर्वांत मोठी ठेव आहे. बहुतेक ग्रुप पॉलिसीत आधीचे आजार पहिल्या दिवसापासून चालतात. निदानानंतर नवी वैयक्तिक पॉलिसी मात्र जवळजवळ मिळत नाही, आणि आजार लपवून घेतलेली पॉलिसी क्लेमच्या वेळी हमखास कोसळते. एचआरकडून किंवा विमा कंपनीसाठी क्लेम बघणाऱ्या त्रयस्थ संस्थेकडून (टीपीए) ही माहिती लेखी मागवा.

विमा रक्कम किती आणि या वर्षी त्यातली किती वापरली? पॉलिसीचे वर्ष कुठल्या तारखेला संपते? कंपनी सोडली तर संरक्षण शेवटच्या कामाच्या दिवशीच थांबते की पुढे काही दिवस चालते? त्या दिवशी मी दवाखान्यात दाखल असलो तर त्या क्लेमचे काय? एका दिवसात घरी सोडणारी केमो डे-केअरमध्ये धरतात का? तोंडाने घ्यायच्या केमोच्या गोळ्या आणि इम्युनोथेरपी (शरीराची प्रतिकारशक्ती कॅन्सरविरुद्ध वापरणारे उपचार) यांवर मर्यादा किती? विमा नियामकाच्या २०१९ च्या सूचनांनुसार हे उपचार सरसकट वगळता येत नाहीत, पण त्यांवर उपमर्यादा घालता येते. म्हणून 'कव्हर आहे' या दोन शब्दांवर थांबू नका, आकडा विचारा.

खोलीभाड्याची मर्यादा हा सगळ्यात जास्त फसवणारा खड्डा. समजा मर्यादा दिवसाला ५,००० रुपये आहे आणि तुम्ही ८,००० ची खोली घेतली, तर फक्त वरचे ३,००० कापले जातील असे वाटते. प्रत्यक्षात अनेक पॉलिसीत डॉक्टरांची फी, ऑपरेशन थिएटर यांसारखे खर्चही त्याच प्रमाणात, म्हणजे आठास पाच, मंजूर होतात. चार लाखांच्या बिलात दीड लाख खिशातून जातात ते असे. खोली मर्यादेतलीच घ्या.

आणखी दोन गोष्टी लोकांना सहसा ठाऊक नसतात. अनेक ग्रुप पॉलिसीत 'कॉर्पोरेट बफर' नावाची सामाईक रक्कम असते. मोठ्या आजारात विम्याची रक्कम संपली तर कंपनीच्या शिफारशीने त्यातून पैसे मिळतात. मागितल्याशिवाय कोणी सांगत नाही, आणि मागायचे ते नोकरीत असताना. दुसरे म्हणजे दाखल होण्याआधीच्या साधारण ३० आणि नंतरच्या ६० दिवसांचा खर्च बहुतेक पॉलिसीत परत मिळतो. म्हणून बायॉप्सी, पेट-सीटी (कॅन्सर कुठे पसरला ते दाखवणारे स्कॅन), रक्ततपासण्या यांची मूळ बिले, पावत्या आणि डॉक्टरांची चिठ्ठी एका पाकिटात ठेवा. चिठ्ठी नसलेले बिल नाकारतात.

नोकरी जायची चिन्हे दिसत असतील तर ग्रुप पॉलिसीतून त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाण्याचा, म्हणजे मायग्रेशनचा, अर्ज नोकरी सुटायच्या आधी करा. प्रीमियम, अटी, मंजुरी याची हमी नाही, पण उत्तर लेखी घ्या. नवरा किंवा बायको नोकरीत असेल तर त्यांच्या ग्रुप पॉलिसीत तुमचे नाव घालता येते का ते आजच विचारा. नाव घालण्याची खिडकी सहसा नूतनीकरणाच्या वेळीच उघडते. तुमचा विमा बंद पडला तर मध्येच नाव घेतात का, हा त्यांच्या एचआरला विचारायचा नेमका प्रश्न.

कॅशलेसच्या (बिल विमा कंपनीने थेट दवाखान्याला भरण्याच्या) पूर्वमंजुरीच्या अर्जावर विमा कंपनीने एका तासात आणि घरी सोडतानाच्या अंतिम मंजुरीवर तीन तासांत निर्णय द्यावा, असा नियामकाचा २०२४ चा नियम आहे. क्लेम नाकारला तर कारण लेखी घ्या, आधी विमा कंपनीच्या तक्रार विभागाकडे जा. तिथे ३० दिवसांत काही झाले नाही तर विमा लोकपालाकडे जाता येते. मुंबईत आणि पुण्यात त्यांची कार्यालये आहेत आणि तक्रारीला फी नाही.

दरमहा २१,००० रुपयांपर्यंत पगार असलेल्यांना ईएसआय, म्हणजे कामगार राज्य विमा योजना, लागू असते. त्यांना आजारपणात वर्षाला ९१ दिवसांपर्यंत पगाराच्या ७० टक्के रक्कम मिळते. कॅन्सर दीर्घ आजारांच्या यादीत असल्याने, दोन वर्षांची सलग नोकरी आणि पुरेशी वर्गणी असेल तर पुढेही ८० टक्के दराने लाभ चालू राहतो. ईएसआयच्या डॉक्टरचा दाखला वेळच्या वेळी हवा. खासगी डॉक्टरची चिठ्ठी देऊन थांबलेल्यांचे आठवडे बुडतात.

पायरी ३ : दवाखान्याची फाइल

फाइल एकच, जाड, पारदर्शक कप्प्यांची. पहिल्या पानावर नाव, वय, रक्तगट, ॲलर्जी, चालू औषधे मात्रेसह, आणि घरच्या दोघांचे फोन. मागे रिपोर्ट तारखेच्या क्रमाने. सीटी, एमआरआयचा नुसता कागद पुरत नाही, सीडी मागून घ्या.

दुसरे मत घ्यायचे असेल किंवा परळच्या टाटा मेमोरियलसारख्या ठिकाणी जायचे असेल, तर तिथले पॅथॉलॉजिस्ट तुमची गाठ स्वतः पुन्हा तपासतात. त्यासाठी बायॉप्सी जिथे झाली त्या लॅबमधून स्लाइड (गाठीचे पातळ काप लावलेल्या पट्ट्या) आणि ब्लॉक दोन्ही आणावे लागतात. ब्लॉक म्हणजे जाळीदार प्लास्टिकच्या चपट्या डबीवर बसवलेली मेणाची छोटी वडी, जेमतेम दोन बोटे रुंद. मधोमध करडा-तपकिरी ठिपका दिसतो. तोच तुमच्या गाठीचा तुकडा. डबीच्या तिरक्या कडेवर बारीक अक्षरात क्रमांक असतो, तो रिपोर्टवरच्या क्रमांकाशी लॅबच्या खिडकीवरच जुळवा. चुकीचा ब्लॉक घेऊन मुंबईला पोहोचलात तर आठवडा गेला. आणि मे महिन्यात तो उन्हात उभ्या गाडीत ठेवू नका, मेण आहे, मऊ होते. स्लाइड काचेच्या असतात; लॅबकडून प्लास्टिकची पेटी मागा, रुमालात बांधू नका. लॅबला लेखी अर्ज आणि ओळखपत्र लागते, एखादा दिवसही लागू शकतो.

बाहेरगावाहून उपचारासाठी येणाऱ्यांना रेल्वेत सवलत आहे: स्लीपर आणि थ्री एसीत रुग्णाला पूर्ण माफी, सोबतच्या माणसाला ७५ टक्के. दवाखान्याकडून ठरावीक नमुन्यातला दाखला घ्यावा लागतो. परळला राहायची सोय बघायची तर दादरची गाडगे महाराज धर्मशाळा आणि परळची नाना पालकर स्मृती समिती ही जुनी नावे आहेत. गर्दी असते, म्हणून आधी चौकशी करा.

पायरी ४ : ऑफिसात कोणाला, काय आणि किती सांगायचे

सगळ्या टीमला सांगणे बंधनकारक नाही. थेट मॅनेजर आणि एचआरमधली एक व्यक्ती पुरे. तोंडी सांगितलेले कपातीच्या गोंधळात हवेत जाते, विशेषतः मॅनेजरच बदलणार असेल तर. म्हणून बोलणे झाल्यावर त्याच दिवशी ईमेल. भाषा इंग्रजी ठेवली तरी मजकूर एवढाच असावा:

'आज बोलल्याप्रमाणे, माझ्यावर एका गंभीर आजाराचे उपचार अमुक तारखेपासून सुरू होत आहेत. ते अंदाजे इतके महिने चालतील. दर २१ दिवसांनी मला तीन ते पाच दिवस रजा लागेल. बाकी दिवस घरून काम करता येईल. डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. माझी शिल्लक रजा, घरून काम करण्याची परवानगी आणि विमा याबाबत कृपया लेखी कळवावे. ही माहिती गोपनीय ठेवावी.'

दाखल्यावर आजाराचे पूर्ण नाव आणि टप्पा असायलाच हवा असे नाही; उपचारांचा कालावधी आणि विश्रांतीची गरज लिहून द्या, असे डॉक्टरांना सांगता येते. विम्याच्या क्लेममध्ये मात्र निदान लपत नाही.

रजेचे गणितही मांडा. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यात वर्षाला आठ किरकोळ रजा आहेत, आणि २४० दिवस काम झाले असेल तर दर २० दिवसांमागे एक भरपगारी रजा, जी ४५ दिवसांपर्यंत साठते. हे किमान झाले, कंपनीचे धोरण याहून चांगले असू शकते. साठलेली रजा पहिल्याच महिन्यात संपवू नका. ऑपरेशन असेल तर त्यानंतरच्या सलग आठवड्यांसाठी आधी रजा राखून ठेवा, उरलेली रजा केमोच्या दिवसांवर वाटा.

पायरी ५ : 'स्वतःहून राजीनामा द्या' म्हणाले तर

त्या खोलीत सही करू नका. 'कागद द्या, वाचून दोन दिवसांत सांगते' एवढे म्हणायला कोणाचीच बंदी नाही. स्वतःहून दिलेला राजीनामा आणि कंपनीने कमी करणे यांत फरक मोठा आहे. कायद्याच्या व्याख्येत कामगार म्हणून बसणाऱ्याला, वर्षभर सलग नोकरी झाली असेल, तर कपातीत महिन्याची नोटीस आणि सेवेच्या प्रत्येक वर्षामागे १५ दिवसांच्या पगाराइतकी भरपाई मिळते. राजीनाम्यावर ती नाही. गृहकर्जासोबत नोकरी गेल्यास हप्ते भरणारा विमा घेतला असेल तर तोही स्वेच्छा राजीनाम्याला लागू होत नाही. ग्रॅच्युइटीला पाच वर्षे पुरी व्हायला काही आठवडे उरले असतील, तर सही कुठल्या तारखेला होते यावर लाख-दीड लाख अवलंबून असतात.

जाणे अटळच दिसले तर वाटाघाटीत पैशाआधी तारीख मागा. दोन महिन्यांचा जादा पगार एकरकमी घेऊन आज बाहेर पडण्यापेक्षा, तेच दोन महिने नोटीस म्हणून पटावर राहणे जास्त मोलाचे ठरू शकते, कारण तेवढा काळ विमा जिवंत राहतो. पॉलिसीचे वर्ष संपेपर्यंत विमा चालू ठेवा, ही मागणीही करता येते. कंपनीला तिचा खर्च फारसा नसतो. जे ठरेल ते करारात लिहून घ्या. कामगार वकिलाला एकदा कागद दाखवायचा खर्च इथे वसूल होतो.

एक अगदी व्यवहारातली सूचना. केमोसोबत उलटी होऊ नये म्हणून डेक्सामिथासोन हे स्टेरॉइड बहुतेकांना देतात. त्याने पुढचे दोन-तीन दिवस झोप उडते, डोके भरभर चालते, चिडचिड वाढते. रात्री अडीचला टाइप केलेला संतापाचा ईमेल किंवा राजीनामा त्यातूनच येतो. त्या तीन दिवसांत ऑफिसचा कुठलाही निर्णय नाही, हे घरच्यांना आधीच सांगून ठेवा. झोपेचा त्रास फार असेल तर डॉक्टरांना सांगा, मात्रा किंवा वेळ बदलता येते.

कपातीच्या अफवांचा व्हॉट्सॲप ग्रुप बंद आवाजात टाका, दिवसातून एकदा बघा. त्यातल्या बातमीने तुमची एकही तारीख बदलत नाही. छातीत धडधड, सतत रडू, जगण्यात राम वाटेनासा होणे असे होऊ लागले तर ती कमजोरी समजून गप्प बसू नका. टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या मदतवाहिनीचा १४४१६ हा सरकारी क्रमांक मोफत आहे, आणि मोठ्या कॅन्सर केंद्रांत समुपदेशक असतात.

पायरी ६ : शरीर तयार करणे

पहिल्या केमोनंतर करता येत नाहीत अशा गोष्टी आधी उरका. पुढे मूल हवे असेल तर पहिल्याच भेटीत विचारा. पुरुषांचे वीर्य साठवणे एक-दोन दिवसांत होते. स्त्रीबीज साठवायला साधारण दोन आठवडे लागतात. गडबडीत डॉक्टर हा विषय काढतीलच असे नाही, आणि आपल्याकडे घरातल्या वडीलधाऱ्यांसमोर रुग्णही काढत नाही. गरज पडली तर डॉक्टरांना एकटे भेटा.

दाताच्या डॉक्टरकडे जाऊन किडके दात दाखवा. तोंडाला किंवा मानेला रेडिएशन, म्हणजे आपल्याकडचे शेक, द्यायचे असतील तर काढायचे दात किमान दोन आठवडे आधी काढलेले हवेत. नंतर काढले तर जबड्याचे हाड भरून न येण्याचा धोका असतो. तंबाखू, मिसरी, गुटखा, सिगारेट आज बंद. ऑपरेशनची जखम आणि फुप्फुसे, दोन्हींवर फरक पडतो. हिपॅटायटिस बीची तपासणी झाली का ते विचारा, कारण दबलेला विषाणू केमोत उसळू शकतो. काही औषधांआधी टूडी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, लागते. पेट-सीटीच्या आधी सहा तास उपाशी आणि आदल्या दिवशी जड व्यायाम नाही. मधुमेह असेल तर औषध कधी घ्यायचे ते केंद्राला फोन करून विचारा, साखर जास्त निघाली तर परत पाठवतात.

आहारात प्रथिने. वजनाच्या दर किलोमागे दिवसाला १.२ ते १.५ ग्रॅम, म्हणजे ६० किलोच्या माणसाला ७२ ते ९० ग्रॅम. एका अंड्यात सहा ग्रॅम, वाटीभर उसळीत सहा ते आठ, पेलाभर दुधात सहा-सात, १०० ग्रॅम पनीरमध्ये सुमारे १८. वरण-भात-भाजीवर हा आकडा गाठत नाही, हे लक्षात येईल. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर मात्र डॉक्टरांना विचारूनच. नातेवाईक आणून देतील ते काढे आणि चूर्णे डॉक्टरांना दाखवल्याशिवाय घेऊ नका. काहींचा यकृतावर ताण येतो, काही औषधांच्या आड येतात.

पायरी ७ : विमा नसेल, अपुरा असेल किंवा मध्येच सुटला तर

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आता केवळ पिवळ्या-केशरी शिधापत्रिकेपुरती नाही, पांढऱ्या शिधापत्रिकेलाही आहे. कुटुंबाला वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंत, ठरलेल्या उपचारांसाठी, योजनेतल्या रुग्णालयातच. तिथे आरोग्यमित्राचा, म्हणजे योजनेच्या मदतनिसाचा, टेबल शोधा. शिधापत्रिका, आधार आणि डॉक्टरांचे कागद लागतात. चौकशीचा क्रमांक १५५३८८. मंजुरी उपचाराच्या आधी लागते, आधी भरलेले पैसे परत मिळतील या भरवशावर राहू नका. शिधापत्रिकेत तुमचे नाव आहे ना, ते आजच बघा. लग्नानंतर माहेरच्या पत्रिकेतून नाव कमी झाले पण सासरच्या पत्रिकेत चढलेच नाही, अशा बायका या टेबलावर अडकतात. धर्मादाय रुग्णालयांत दहा टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि दहा टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत असतात. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला काढून ठेवा.

पायरी ८ : पहिली केमो आणि कामाचे वेळापत्रक

औषधागणिक फरक पडतो, पण २१ दिवसांच्या चक्रात पहिला आठवडा थकव्याचा, सातव्या ते चौदाव्या दिवसाच्या सुमारास पांढऱ्या पेशी सर्वांत कमी, आणि तिसरा आठवडा सर्वांत बरा, असा साधारण क्रम असतो. म्हणून ऑफिसला जायचे, महत्त्वाची मीटिंग घ्यायची ती तिसऱ्या आठवड्यात. दुसऱ्या आठवड्यात अंगात बरे वाटले तरी लोकलची गर्दी, लग्नसमारंभ, कच्ची मोड आलेली मटकी आणि रस्त्यावरचा रस टाळा. पहिल्या चक्रात रोज काय झाले ते वहीत लिहा आणि दुसऱ्या चक्राचे वेळापत्रक त्यावरून मॅनेजरला द्या. अंदाजापेक्षा वही खरी निघते.

घरात चांगला थर्मामीटर हवा. केमोनंतर ताप १००.४ फॅरनहाइट किंवा वर गेला तर क्रोसिन घेऊन सकाळची वाट बघायची नाही. पेशी कमी असताना संसर्ग काही तासांत रक्तात पसरू शकतो. सरळ दवाखान्याच्या तातडीच्या विभागात जायचे. पाकिटात एक चिठ्ठी ठेवा: 'केमोथेरपी चालू. शेवटचा डोस अमुक तारखेला. ताप आहे. आधी रक्ततपासणी आणि अँटिबायोटिक.' खाली औषधांची नावे, कॅन्सर डॉक्टरांचा फोन आणि विम्याचा क्रमांक. रात्रीच्या ड्युटीवरच्या नवख्या डॉक्टरच्या हातात ती चिठ्ठी आधी द्या, फाइल नंतर.